सीमा ओलांडताना वेगवान गाडी का अडखळते?

पॅरिसच्या गार द्यू नोर स्थानकातून सुटलेली युरोस्टार साडेतीन तासांच्या आत आम्स्टरडॅमला पोहोचते. वाटेत फ्रान्स संपतो, बेल्जियम येतो आणि जातो, नेदरलँड्स लागतं. पासपोर्ट सहसा कुणी मागत नाही आणि खिडकीशी बसलेल्या माणसाला सीमा कधी ओलांडली हे कळतही नाही. गाडीच्या छतावर आणि चालकाच्या टेबलावर मात्र ती चांगलीच जाणवते. पॅरिसहून निघताना वरच्या तारेत २५,००० व्होल्टचा एसी प्रवाह असतो. ब्रसेल्सजवळ तो ३,००० व्होल्ट डीसी होतो. अँटवर्प सोडलं की पुन्हा २५,००० एसी. रॉटरडॅम स्थानकात १,५०० व्होल्ट डीसी, मग परत २५,००० एसी, आणि स्किपोल विमानतळाच्या अलीकडे पुन्हा १,५०० डीसी. एका प्रवासात विजेचा प्रकार निदान पाच वेळा बदलतो आणि जवळजवळ तितक्याच वेळा सिग्नलची पद्धतही.

युरोपातली वेगवान रेल्वे सुधारायची म्हटलं की आधी नवे बोगदे आणि नवे मार्ग आठवतात. ते हवेतच. पण देशाच्या आत ३०० किलोमीटरच्या वेगाने पळणारी गाडी सीमेवर रखडते, तिथे बहुतेक वेळा रूळ जागेवर असतात. न जुळणारी असते ती वीज, सिग्नल, वेळापत्रक, चालकाची भाषा आणि तिकीट.

विजेचं कोडं

प्रत्येक देशाने आपल्या रेल्वेचं विद्युतीकरण वेगवेगळ्या काळात केलं आणि त्या त्या काळातलं तंत्रज्ञान तिथे कायमचं बसलं. जर्मन राज्यांनी १९१२ मध्ये १५,००० व्होल्ट एसी, पण नेहमीच्या ५० हर्ट्झच्या एक तृतीयांश वारंवारतेचा, असा करार केला. त्या काळच्या मोटारींना ५० हर्ट्झ झेपत नव्हतं. आज जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, स्वीडन, नॉर्वे याच पद्धतीवर आहेत. नेदरलँड्स आणि दक्षिण फ्रान्सचे जुने मार्ग १,५०० डीसीवर. बेल्जियम, इटली, पोलंडचे ३,००० डीसीवर. फ्रान्स आणि स्पेनचे वेगवान मार्ग २५,००० एसीवर.

हा फरक वेगाला कसा बाधतो, ते साध्या गणितातून दिसतं. गाडीला १० मेगावॉट शक्ती हवी आहे असं धरू. २५,००० व्होल्टला त्यासाठी ४०० अँपिअर प्रवाह पुरतो. ३,००० व्होल्टला तीच शक्ती घ्यायला सुमारे ३,३०० अँपिअर लागतात आणि १,५०० व्होल्टला साडेसहा हजारांहून जास्त. एवढा प्रवाह पेंटोग्राफच्या (छतावरच्या, तारेतून वीज घेणाऱ्या सांगाड्याच्या) एका अरुंद पट्टीतून सतत ओढला तर तार तापते, पट्टी झिजते आणि उपकेंद्रं थोड्या थोड्या अंतरावर उभारावी लागतात. म्हणून डीसी मार्गावर तीच गाडी कमी शक्ती वापरते. ताशी ३०० चा वेग तिथे मिळत नाही.

बदलाची जागा आली की क्रम ठरलेला असतो. रुळाशेजारी पाटी दिसते, चालक मोटारींची शक्ती काढतो, मुख्य सर्किट ब्रेकर उघडून वीज तोडतो, पेंटोग्राफ खाली घेतो. तारेच्या त्या तुकड्यात वीजच नसते. गाडी आपल्या जोरावर पुढे सरकते. पलीकडे गेल्यावर नव्या पद्धतीचा पेंटोग्राफ वर येतो, गाडी व्होल्टेज तपासते आणि मगच ब्रेकर वीज पुन्हा जोडतो. पेंटोग्राफही सगळीकडे चालणारा नसतो. जर्मनी-ऑस्ट्रियात त्याची रुंदी १,९५० मिलिमीटर, फ्रान्स-स्वित्झर्लंडमध्ये १,४५०, आणि नव्या युरोपीय मानकात १,६००. तार रुळांच्या मध्यरेषेवरून नागमोडी ताणलेली असते, म्हणजे पट्टी एकाच जागी झिजत नाही. अरुंद पट्टी रुंद नागमोडीखाली नेली तर तार बाजूला घसरते, पेंटोग्राफ तिच्यात अडकतो आणि मैलभर तार खाली येऊ शकते.

मुंबईकरांना हे अगदीच अनोळखी वाटू नये. मुंबईच्या लोकल अनेक दशकं १,५०० व्होल्ट डीसीवर धावल्या आणि बाकी देश २५,००० व्होल्ट एसीवर गेला. लांब पल्ल्याच्या गाड्यांना इगतपुरीला इंजिन बदलावं लागे. पुढे दोन्ही प्रकार खाणारी इंजिनं आणि लोकल आल्या. शेवटी मुंबईतलं डीसी टप्प्याटप्प्याने काढलं आणि २०१६ पर्यंत ते काम पुरं झालं. तिथे निर्णय घेणारी रेल्वे एकच होती. युरोपात एका देशाने व्होल्टेज बदलायचं तर त्याच्या सगळ्या लोकल, मालगाड्या आणि उपकेंद्रं बदलावी लागतात, आणि त्याचा फायदा शेजारच्या देशातून येणाऱ्या मूठभर गाड्यांना होतो. म्हणून तारा तशाच राहतात आणि गाडीच बहुभाषिक करतात.

१९९० च्या दशकात पॅरिस, ब्रसेल्स, कोलोन आणि आम्स्टरडॅम जोडण्यासाठी चारही प्रकारची वीज घेणारे थॅलिस या रेल्वे कंपनीचे रेक (डब्यांचे संच) बनले. वेगवान मार्गावर एका आसावर साधारण १७ टनांहून जास्त भार चालत नाही, नाहीतर रूळ आणि खडी लवकर खराब होतात. कमी वारंवारतेच्या जर्मन विजेसाठी ट्रान्सफॉर्मरचा गाभा मोठा आणि जड लागतो. त्यात डीसीची उपकरणं आणि प्रत्येक देशाची सिग्नल यंत्रणा भरली की वजन आणि जागा दोन्ही संपतात. अशा गाड्या थोड्याच बनतात, म्हणून महाग पडतात. एक बिघडली तर तिच्या जागी दुसरी कुठलीही गाडी लावता येत नाही. सीमापार गाडी रद्द झाली की पर्यायी रेक का येत नाही, याचं हे एक मोठं कारण आहे.

सिग्नल

ताशी ३०० किलोमीटरला बाहेरचा दिवा पाहून गाडी चालवता येत नाही. दिवा दिसेपर्यंत थांबायचं अंतर संपलेलं असतं. म्हणून वेगमर्यादा आणि थांबण्याची जागा चालकासमोरच्या पडद्यावर येते आणि त्याने ऐकलं नाही तर यंत्रणा स्वतः ब्रेक लावते. फ्रान्सने यासाठी टीव्हीएम बनवली, जर्मनीने एलझेडबी. नेदरलँड्सच्या जुन्या मार्गांवर एटीबी आहे, इटलीच्या एससीएमटी. एकीला दुसरीचं काही कळत नाही.

यावरचा उपाय म्हणजे ईटीसीएस ही सामायिक यंत्रणा. कल्पना आपल्याकडच्या ‘कवच’च्या जवळची आहे. तिच्या दुसऱ्या पातळीत रुळांच्या मधोमध बसवलेल्या पिवळ्या पट्ट्या (बलीज) गाडीला ‘तू नेमकी इथे आहेस’ हे सांगतात. गाडी ते रेडिओवरून नियंत्रण केंद्राला कळवते आणि केंद्र तिला ‘अमुक ठिकाणापर्यंत, अमुक वेगाने जा’ अशी परवानगी पाठवतं. लक्झेंबर्गने आपलं सगळं जाळं ईटीसीएसवर आणलं आहे, स्वित्झर्लंडनेही जवळजवळ. जर्मनीसारख्या मोठ्या देशात मात्र जुन्या पद्धती अजून मोठ्या प्रमाणावर आहेत.

सामायिक यंत्रणा आली म्हणजे काम झालं, असं मात्र नाही. सीमेवर एका देशाच्या रेडिओ केंद्राने गाडी दुसऱ्याच्या हाती द्यायची असते. दोन केंद्रं वेगळ्या पुरवठादारांची, त्यांच्या सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या वेगळ्या, आणि प्रत्येक देशाने आपल्या सोयीने घातलेले नियम वेगळे. नेदरलँड्सचा नवा वेगवान मार्ग बांधून झाल्यावरही प्रवासी गाडी धावायला सप्टेंबर २००९ उजाडलं; सिग्नल यंत्रणा हे त्या उशिराचं मोठं कारण होतं. सीमेवरचा हा हस्तांतरणाचा भाग दोन्ही देशांनी एकत्र बसून एकाच चाचणीत तपासला पाहिजे. आपापल्या बाजूला ‘पास’ झालेल्या दोन यंत्रणा जोडल्यावर नापास होतात, हे पुन्हा पुन्हा घडलं आहे.

गाडीच्या परवानगीचंही तसंच. पूर्वी प्रत्येक देशाकडे स्वतंत्र अर्ज करावा लागे. जून २०१९ पासून एकाहून जास्त देशांत धावणाऱ्या गाडीची परवानगी फ्रान्समधल्या व्हॅलेन्सिएन इथल्या युरोपीय रेल्वे एजन्सीकडून मिळते. कागद एका खिडकीवर आले, पण चाचण्या कमी झाल्या नाहीत, आणि त्या घाईने उरकणंही बरं नाही. ब्रसेल्स-आम्स्टरडॅम मार्गावर डिसेंबर २०१२ मध्ये ‘फिरा’ नावाची नवी गाडी सुरू झाली. बर्फात तिच्या तळाचे भाग सुटू लागले आणि जेमतेम चाळीस दिवसांत ती बंद करावी लागली, ती परत आलीच नाही.

रुळांची रुंदी आणि मधली भोकं

स्पेन आणि पोर्तुगालचे जुने रूळ १,६६८ मिलिमीटर रुंदीचे आहेत, म्हणजे आपल्या ब्रॉडगेजच्या (१,६७६) अगदी जवळ. आयर्लंड सोडला तर बाकी पश्चिम युरोप १,४३५ वर. पूर्वी मिरजेला मीटरगेज आणि ब्रॉडगेजची गाठ पडे तेव्हा गाडी बदलण्याची, माल एका वाघिणीतून दुसरीत भरण्याची जी कटकट होती, तीच फ्रान्स-स्पेन सीमेवर इरुन आणि आंदाय इथे आजही आहे. स्पेनने यावर चांगला उपाय काढला: रुंदी बदलणारी चाकं. गाडी एका छोट्या शेडमधून हळू जाते, तिचा भार बाजूच्या आधारांवर जातो, चाकांचं कुलूप उघडतं, मार्गदर्शक पट्ट्या चाकांना आत किंवा बाहेर सरकवतात आणि पुन्हा कुलूप लागतं. प्रवासी जागेवरच बसून असतात. माद्रिद-सेव्हिया या १९९२ च्या मार्गापासून स्पेनने वेगवान मार्ग १,४३५ वरच बांधले, त्यामुळे पिरेनीज पर्वताखालच्या सव्वाआठ किलोमीटरच्या आसपासच्या बोगद्यातून डिसेंबर २०१३ पासून पॅरिस-बार्सिलोना थेट गाडी धावते.

तरीही त्या मार्गावर एक भोक राहिलंच. मोंपेलिए आणि पेर्पिन्याँ यांच्यामध्ये वेगवान मार्ग नाही. स्पेनकडून ३०० च्या वेगाने आलेली गाडी तिथे लोकल आणि मालगाड्यांच्या मागे जुन्या रुळांवरून जाते. सीमेचा बोगदा वेळेत झाला आणि त्याला जोडणारा रेल्वेमार्ग मागे राहिला, म्हणून बोगदा बांधणारी कंपनी २०१६ मध्ये दिवाळखोरीत निघाली. या भोकाचा पहिला टप्पा २०३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत पुरा व्हायचा आहे. बोगद्याला पैसा मिळतो, कारण त्यावर युरोपचं नाव असतं. त्याच्या दोन्ही टोकांच्या साध्या मार्गांचा खर्च ज्या त्या देशाने करायचा असतो आणि तो मागे पडतो. ल्योन-तोरिनो (५७.५ किलोमीटर) आणि ब्रेनर (५५ किलोमीटर) हे आल्प्सखालचे बोगदे २०३० च्या दशकात उघडतील, तेव्हा जोडमार्गांकडे सगळ्यात जास्त लक्ष द्यायला हवं.

युरोपीय लेखापरीक्षकांनी २०१८ च्या अहवालात या सगळ्याला ‘तुकड्यातुकड्यांचं ठिगळकाम’ म्हटलं. त्यांनी तपासलेल्या मार्गांवर गाड्या सरासरीने मार्गाच्या आराखड्यातल्या वेगाच्या जेमतेम ४५ टक्के वेगाने धावत होत्या. एका किलोमीटरला सरासरी अडीच कोटी युरो खर्चून बांधलेल्या मार्गांची ही गत. नोव्हेंबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने २०४० पर्यंतची योजना मांडली. तिच्यात बर्लिन-कोपनहेगन सात तासांऐवजी चार तासांत, सोफिया-अथेन्स सुमारे साडेतेरा तासांऐवजी सहा तासांत, अशी उद्दिष्टं आहेत. माद्रिद आणि लिस्बन या शेजारी राजधान्यांमध्ये तर आज एकही थेट गाडी नाही. रात्रीची होती, तीही २०२० मध्ये बंद झाली.

वेळापत्रक आणि चालक

एका गाडीला विशिष्ट वेळी विशिष्ट मार्गावरून जाण्याचा हक्क म्हणजे ‘पाथ’. युरोपात वेळापत्रक दर वर्षी डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी मध्यरात्री बदलतं आणि त्यासाठीचे अर्ज त्याच वर्षीच्या एप्रिलपर्यंत द्यावे लागतात. प्रत्येक देशाची मार्ग सांभाळणारी संस्था आपल्या हद्दीतला पाथ देते. एका बाजूने सीमेवर १०.४० ला पोहोचायचा पाथ मिळाला आणि दुसऱ्या बाजूने ११.०५ चा, तर गाडी पंचवीस मिनिटं उभी राहते. प्रवाशाला वाटतं तांत्रिक बिघाड आहे. त्यात दुरुस्तीची कामं दोन्ही देश स्वतंत्रपणे ठरवतात, त्यामुळे मुख्य मार्ग इकडे बंद आणि पर्यायी मार्ग तिकडे बंद असं एकाच आठवड्यात होऊ शकतं.

१२ ऑगस्ट २०१७ ला जर्मनीत राश्टाट इथे नवा बोगदा खणताना वरचे चालू रूळ खचले आणि कार्ल्सरूह-बाझल हा युरोपातला एक अतिशय वर्दळीचा मार्ग २ ऑक्टोबरपर्यंत बंद राहिला. फ्रान्समधून वळसा घालता आला असता. पण त्या मार्गाची माहिती असलेले, फ्रेंच येणारे चालक पुरेसे नव्हते, आणि शेकडो मालगाड्या अडकल्या. नियमाप्रमाणे चालकाला त्या देशाच्या रेल्वेची भाषा बी-१ (मध्यम) पातळीची यावी लागते. शिवाय ज्या मार्गावर गाडी न्यायची तिथली वळणं, सिग्नल, उतार यांची ओळख हवी. विमानात जगभर एकच इंग्रजी चालते, रेल्वेत तसं नाही. नियंत्रकाशी रोज बोलायची ठरावीक वाक्यं मोजकी असतात. ती प्रमाणित करून, दोन्ही भाषांत छापून, चालक आणि नियंत्रक दोघांचा सराव घेतला तर पर्यायी मार्ग खरोखर वापरता येतील. या कामाला सिमेंटचं एक पोतंही लागत नाही.

तिकीट, आणि गाडी चुकली तर

दुबई मार्गे न्यूयॉर्कचं विमान तिकीट एकाच व्यवहारात मिळतं. पुण्याहून येऊन लिस्बन-पॅरिस-बर्लिन रेल्वेने करू म्हणणाऱ्याला मात्र तीन संकेतस्थळं उघडावी लागतात. प्रत्येक कंपनीचं आरक्षण वेगळं, भाडं ठरवायची रीत वेगळी आणि विक्री किती महिने आधी उघडायची तेही वेगळं. फ्रान्सच्या टीजीव्ही या वेगवान गाडीत आरक्षणाशिवाय चढताच येत नाही, जर्मनीच्या आयसीई या वेगवान गाडीत बहुतेक वेळा येतं. प्रवासाचा एक भाग मिळतो तेव्हा दुसऱ्याची विक्री सुरूच झालेली नसते. ओएसडीएम नावाची सामायिक विक्री पद्धत तयार आहे. ती सगळ्यांना बंधनकारक झाली तर सीमापार प्रवास लगेच सुधारेल. आमच्या मते कुठल्याही नव्या बोगद्याच्या आधी हे व्हायला हवं, कारण ते काही महिन्यांचं काम आहे आणि बोगदा दशकांचं.

तोवर प्रवाशाने स्वतःला सांभाळावं. जमेल तिथे सगळा प्रवास एकाच तिकिटावर, म्हणजे एकाच करारावर घ्या. मग पहिली गाडी उशिरा आली आणि पुढची चुकली, तर पुढे पोहोचवण्याची जबाबदारी रेल्वेची. युरोपीय संघाच्या नियमानुसार शेवटच्या स्थानकावर ६० ते ११९ मिनिटं उशीर झाला तर भाड्याच्या २५ टक्के, दोन तास किंवा जास्त झाला तर ५० टक्के भरपाई मिळते; वादळ-पुरासारख्या कारणांत मिळत नाही. मूळ सुटण्याच्या वेळेपासून १०० मिनिटांत रेल्वेने पर्याय सांगितला नाही, तर दुसऱ्या रेल्वेने किंवा बसने जाऊन वाजवी खर्च मागता येतो. मध्यस्थ विक्रेत्याने एकाच व्यवहारात वेगवेगळी तिकिटं विकली आणि ती वेगळी आहेत हे आधी स्पष्ट सांगितलं नाही, तर गाडी चुकल्यास त्याने सगळे पैसे परत करून वर ७५ टक्के भरपाई द्यावी लागते. म्हणून खरेदीच्या पानावरचा तो बारीक मजकूर मोबाईलवर टिपून ठेवा.

तिकिटं वेगळीच घ्यावी लागली तर दोन गाड्यांमध्ये निदान तासभर ठेवा, दिवसातली शेवटची गाडी कधीही जोडगाडी म्हणून धरू नका. अनेक युरोपीय रेल्वे कंपन्यांमध्ये ‘प्रवास पुढे चालू ठेवण्याचा’ आपसांतला करार आहे, त्याला एजेसी म्हणतात. तो कायदा नसून सौजन्य आहे आणि आंतरराष्ट्रीय तिकिटांपुरता आहे. त्यासाठी उशिरा आलेल्या गाडीच्या कंडक्टरकडून किंवा स्थानकाच्या खिडकीवरून उशिराचा शिक्का लगेच घ्या आणि ज्या कंपनीची गाडी चुकली तिच्याच पुढच्या गाडीसाठी तो दाखवा. दुसऱ्या दिवशी हा शिक्का मिळेलच असं नाही.

लंडनला जाणार असाल तर शेंगेन व्हिसा पुरत नाही, ब्रिटिश व्हिसा वेगळा लागतो, आणि शेंगेन आणि ब्रिटन या दोन्ही बाजूंची तपासणी गाडीत चढण्यापूर्वीच होते. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर भारतीय पासपोर्टधारकांचे बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत लागू होऊ लागली, त्यामुळे स्थानकावर सुटण्याच्या दीड तास आधी पोहोचलेलं बरं. तक्रार करायची झाल्यास घटनेपासून तीन महिन्यांच्या आत रेल्वेकडेच करा. भरपाई मागितल्यापासून एका महिन्यात पैसे मिळायला हवेत, आणि व्हाउचरऐवजी रोख रक्कम मागण्याचा हक्क प्रवाशाला आहे.